चौदा वर्षांच्या विद्यार्थिनीचा निबंध

महाविद्यालयांतील अंतर्गत मूल्यमापनात अलीकडच्या वर्षांत एक लेखनप्रकार बराच रुळला आहे. वर्गात नेमलेले पुस्तक, कविता किंवा आत्मकथन वाचून विद्यार्थ्याने केवळ त्याचा सारांश किंवा प्रश्नोत्तरे न लिहिता, त्या वाचनामुळे आपल्या विचारांत, घरातील वागण्यात आणि समाजाकडे पाहण्याच्या दृष्टीत काय हालचाल झाली हे लिहून द्यावे, अशी त्यात अपेक्षा असते. अशा लेखनाला चिंतनात्मक लेखन म्हणतात. साहित्य, व्यक्तिमत्त्वाची घडण आणि स्त्रियांचे हक्क हे तीन विषय या लेखनात वारंवार एकत्र येतात, कारण स्त्रियांची आत्मकथने आणि दलित साहित्य यांना मराठीच्या अभ्यासक्रमांत आता स्थान मिळाले आहे आणि ती वाचणाऱ्यांत मुलींची संख्या मोठी आहे. हा प्रकार बाहेरून आलेला आणि नव्या शैक्षणिक धोरणाने लादलेला आहे, अशी तक्रार काही प्राध्यापक करतात. नाव नवे असले, तरी शाळेत शिकणाऱ्या मुलीने शिकलेल्या विद्येचा प्रकाश स्वतःच्या स्थितीवर टाकून पाहावा आणि ते लिहून काढावे, ही गोष्ट मराठीत 1855 सालीच घडलेली आहे, आणि तिचे धागे अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर शहराशी जोडलेले आहेत.

त्या मुलीचे नाव मुक्ता साळवे. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी पुण्यात चालविलेल्या शाळेत ती शिकत होती, मातंग समाजातील होती आणि तेव्हा सुमारे चौदा वर्षांची होती. तिचा ‘मांग महारांच्या दुःखाविषयी’ हा निबंध ‘ज्ञानोदय’ या पाक्षिकाच्या 15 फेब्रुवारी 1855 आणि 1 मार्च 1855 या दोन अंकांत क्रमशः छापला गेला. दलित स्त्रीने लिहिलेले आणि छापले गेलेले मराठीतील पहिले लेखन म्हणून आज त्याचा उल्लेख होतो. तो मान रास्त आहे. पण ‘पहिले’ हे विशेषण एकदा लावले की पुष्कळदा पुढचे वाचन थांबते, आणि निबंधात नेमके काय म्हटले आहे, युक्तिवाद कसा बांधला आहे, शेवट कोठे केला आहे, याकडे लक्ष जात नाही. अनेक भाषणांत आणि जयंतीच्या लेखांत मुक्तेचे वय, तिची जात आणि तिचे धैर्य यांचा गौरव होतो, पण तिच्या विचाराचा परामर्श क्वचितच घेतला जातो.

‘ज्ञानोदय’ हे अमेरिकन मराठी मिशनचे नियतकालिक. ख्रिस्ती धर्मप्रसार करणाऱ्या अमेरिकन मंडळींनी 1831 च्या अखेरीस अहमदनगर येथे आपले ठाणे उभारले आणि 1842 साली याच शहरात हे नियतकालिक सुरू केले. हेन्री बॅलंटाइन हे त्याचे आरंभीचे संपादक होते. धर्मप्रसार हा त्याचा उघड हेतू होता, तरी भूगोल, विज्ञान, आरोग्य, जातिभेद आणि स्त्रीशिक्षण या विषयांवरील लेखही त्यात येत, आणि त्या काळच्या इतर मराठी पत्रांत ज्यांच्या हस्ताक्षराला जागा मिळाली नसती अशांचे लेखन ते छापत असे. मराठीतील सर्वाधिक काळ चाललेल्या नियतकालिकांत त्याची गणना होते.

नगरचा दुसरा धागा शाळेचा आहे आणि तो छपाईपेक्षा जुना आहे. सिंथिया फॅरार या अविवाहित अमेरिकन शिक्षिका 1827 साली मुंबईत आल्या आणि 1839 पासून नगरला राहून मुलींच्या शाळा चालवू लागल्या. 1862 साली त्यांचे निधनही नगरलाच झाले. मित्र सदाशिव बल्लाळ गोवंडे यांच्यासमवेत नगरला असताना जोतीरावांनी या शाळा पाहिल्या, आणि मुलींना शिकविण्याची तेथील पद्धत पाहून आपल्या शहरातही अशी शाळा काढावी असे त्यांच्या मनाने घेतले, हे त्यांनी स्वतःच पुढे नमूद करून ठेवले आहे. 1848 साली पुण्याच्या बुधवार पेठेतील भिडे वाड्यात मुलींची शाळा उघडली गेली. शिक्षिका होण्याचे प्रशिक्षण सावित्रीबाईंनी नगरला फॅरारबाईंकडे आणि पुण्याला मिचेलबाईंकडे घेतले. मुलींना शिकवायचे तर आधी शिकविणारी स्त्री तयार करावी लागते, हे व्यावहारिक सत्य त्या काळात फार थोड्यांना उमगले होते. नगरच्या मिशनशाळेचे महत्त्व याच ठिकाणी आहे. तेथे तयार झालेली शिक्षिका पुण्याला गेली, तिच्या आणि जोतीरावांच्या शाळेत शिकलेल्या मुलीने निबंध लिहिला, आणि तो निबंध नगरला जन्मलेल्या पत्रातून वाचकांपर्यंत गेला.

फुले दांपत्याच्या शाळांची कीर्ती तोवर सरकारदरबारी पोहोचली होती. 16 नोव्हेंबर 1852 रोजी विश्रामबागवाड्यात जोतीरावांचा सरकारतर्फे जाहीर सत्कार झाला, आणि पुढच्या वर्षी ‘महार, मांग इत्यादी लोकांस विद्या शिकविणारी मंडळी’ या नावाची संस्थाही उभी राहिली. सावित्रीबाईंचा ‘काव्यफुले’ हा कवितासंग्रह 1854 साली प्रसिद्ध झाला, म्हणजे मुक्तेचा निबंध छापला जाण्याच्या जेमतेम वर्षभर आधी. या शाळेतील शिक्षिका स्वतः लिहिणारी होती, ही बाब नजरेआड करता येत नाही. जिथे शिकविणारी व्यक्ती स्वतः लिहिते, तिथे लेखन म्हणजे अक्षर घोटणे नव्हे तर स्वतःचे म्हणणे मांडणे होय, ही समज मुलांत वेगळी न सांगता उतरते.

निबंध हा गद्यप्रकारही तेव्हा मराठीत नवाच होता. एखादा विषय घेऊन त्याच्या बाजूने व विरुद्ध कारणे देत, उदाहरणांनी पुष्टी करीत निष्कर्षाकडे जाणारे सलग लेखन म्हणजे निबंध. इंग्रजी शिक्षणाबरोबर तो शाळांत आला आणि वृत्तपत्रांतून स्थिरावला. विष्णुशास्त्री चिपळूणकरांची ‘निबंधमाला’ 1874 साली सुरू झाली, आणि मराठी निबंधाचा इतिहास सांगताना सामान्यतः तिचेच नाव पुढे येते. त्याच्या एकोणीस वर्षे आधी, ज्या समाजाला पाटीला हात लावण्याचीही मुभा नव्हती त्या समाजातील मुलीने हा प्रकार हाताळला आणि तो आपल्या गरजेप्रमाणे वळवूनही घेतला, ही नोंद वाङ्मयेतिहासात ठळकपणे व्हायला हवी.

निबंधाचा आरंभ तक्रारीने होत नाही, तर्काने होतो. वेदांचा अधिकार आपला एकट्याचा आहे असे ब्राह्मण म्हणतात, हे विधान मुक्ता प्रथम मान्य करून चालते आणि मग त्यातून काय निष्पन्न होते ते तपासते. धर्मग्रंथ ज्यांचा, धर्मही त्यांचाच. तो ग्रंथ पाहण्याचीही मनाई ज्यांना आहे, त्यांच्याकडे ग्रंथ नाही, आणि ज्यांच्याकडे ग्रंथ नाही ते धर्मरहित ठरतात. मग अशा धर्मरहित माणसांना त्याच धर्माचे नियम लावून शिक्षा करण्याचा अधिकार कोणाला कसा पोहोचतो, हा प्रश्न आपोआप उभा राहतो. प्रतिपक्षाचे गृहीतक घेऊन त्याच्या टोकापर्यंत जाणे आणि तेथे त्यातील विसंगती उघडी करणे, या पद्धतीला तर्कशास्त्रात विशेष मान आहे, आणि ती येथे कोणत्याही पारिभाषिक शब्दाचा आधार न घेता वापरलेली आहे. यानंतर ती थेट देवाला विनवते की आमचा धर्म कोणता ते आम्हाला कळव, आणि ज्या धर्मात एकाने भोगावे व बाकीच्यांनी वंचित राहावे असा धर्म पृथ्वीवरून नष्ट व्हावा, असेही निःसंकोचपणे म्हणते. पंडितांना उद्देशून, त्यांनी आपल्या पोकळ ज्ञानाची बडबड बाजूला ठेवून आपले म्हणणे ऐकावे, असा जो आवाज ती लावते, त्यात विद्यार्थिनीचा संकोच औषधालाही नाही.

तर्कानंतर इतिहास येतो. पेशवाईत महार-मांगांना त्यांच्या जमिनींवरून हुसकावून लावले गेले, मोठ्या वाड्यांच्या पायांत त्यांना तेल-शेंदूर पाजून पुरले गेले, तालीमखान्यासमोरून कोणी गेल्यास त्याचे डोके उडवून गुलटेकडीच्या मैदानात त्याचा चेंडू केला जाई, आणि गाढवाला मारले तरी त्याचा धनी जाब विचारी पण यांना मारल्याचा जाब विचारणारा कोणी नसे, अशा गोष्टी ती मांडते. दुसऱ्या बाजीरावाला एखादा महार किंवा मांग लिहायला-वाचायला शिकल्याचे कळले, तर ब्राह्मणांनी आता कारभार यांच्या हाती देऊन स्वतः धोकटी घेऊन विधवांची डोकी भादरीत फिरावे काय, असे म्हणून तो त्याला शिक्षा करी, असेही ती सांगते. या मजकुराकडे आजच्या वाचकाने कसे पाहावे? पेशवाई 1818 साली संपली आणि मुक्तेचा जन्म 1841 च्या सुमाराचा. म्हणजे तिने यांतले काहीच डोळ्यांनी पाहिलेले नव्हते. पण निबंध लिहिला गेला तेव्हा पेशवाई संपून सदतीस वर्षेच झाली होती, आणि तो काळ अंगावर काढलेली माणसे तिच्या वस्तीत हयात होती. या निबंधातील इतिहास हा अशा माणसांच्या तोंडून आलेला, घराघरांत सांगितला गेलेला इतिहास आहे. दरबारी कागदपत्रांत ज्यांची नोंद केवळ वेठीला लावलेली माणसे म्हणून होते, त्यांची बाजू अशाच स्मृतींतून मिळते. त्यामुळे प्रत्येक तपशील कागदाशी पडताळण्याचे काम इतिहासकाराने अवश्य करावे, पण ती ऐकीव माहिती म्हणून बाजूला सारणे हे एका बाजूचेच कागद खरे मानण्यासारखे होईल.

या भागातील एक मुद्दा विशेष धाडसाचा आहे आणि त्याची चर्चा फार कमी होते. ब्राह्मणांच्या श्रेष्ठत्वाच्या कल्पनेवर कोरडे ओढल्यावर मुक्ता तेथेच थांबत नाही. महारही मांगांपेक्षा स्वतःला वरचे समजतात आणि मांगाच्या सावलीचाही विटाळ मानतात, हे ती स्पष्ट लिहिते. निबंधाच्या शीर्षकात दोन्ही जातींचे दुःख एकत्र घेतले आहे, दोघांच्या वतीने ती बोलते आहे, आणि तरीही त्या दोघांमधील उतरंड ती झाकत नाही. उतरंडीत प्रत्येकाला आपल्याखाली कोणीतरी असल्याचे समाधान मिळते आणि म्हणूनच ती टिकते, हा विचार पुढे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ‘श्रेणीबद्ध विषमता’ या संज्ञेत शास्त्रशुद्ध रीतीने मांडला. श्रेणीबद्ध विषमता म्हणजे एकावर एक रचलेल्या पायऱ्यांची अशी व्यवस्था, की जिच्यात खालच्या पायरीवरचे सगळे एकत्र येऊच शकत नाहीत. चौदा वर्षांच्या मुलीकडे ही संज्ञा नव्हती, पण निरीक्षण होते.

स्त्रियांच्या हक्कांच्या दृष्टीने निबंधातील सर्वांत महत्त्वाचा भाग बाळंतपणाविषयीचा आहे आणि तो मोजक्या ओळींचा आहे. आपल्या समाजातील स्त्रिया बाळंत होतात तेव्हा त्यांच्या डोक्यावर छप्पर नसते, पावसात आणि थंडीत त्यांचे काय हाल होत असतील याचा विचार वाचकाने स्वतःच्या अनुभवावरून करावा, असे ती सांगते. आणि त्या वेळी आजार जडला तर वैद्याला द्यायला पैसा कोठून आणावा, व फुकट औषध देण्याइतका माणुसकीचा वैद्य तुमच्यात कोणी होता काय, असे विचारते. या ओळींचे वजन कळण्यासाठी त्या काळातील स्त्रीप्रश्न कसा मांडला जात होता हे पाहावे लागते. हिंदू विधवांच्या पुनर्विवाहाचा कायदा 1856 साली झाला. बाबा पदमनजींची ‘यमुनापर्यटन’ ही विधवांच्या दुःस्थितीवरील कादंबरी 1857 साली आली आणि मराठीतील पहिली कादंबरी म्हणून ती गणली जाते. केशवपन, म्हणजे विधवेचे केस काढून तिला विद्रूप करण्याची चाल, बालविवाह आणि सक्तीचे वैधव्य हे सुधारकांचे मुख्य विषय होते. ते विषय खरेच होते, त्यांनी हजारो स्त्रियांचे आयुष्य जाळले होते, पण ते प्रामुख्याने उच्चवर्णीय घरांच्या उंबऱ्याआतले होते. मुक्ता ज्या स्त्रीविषयी लिहिते, तिला उंबराच नाही. तिच्यासाठी हक्काचा पहिला अर्थ निवारा, औषध आणि बाळंतपणात जगण्याची शक्यता हा आहे. जात, दारिद्र्य आणि स्त्रीत्व हे तीन वेगवेगळे विषय नसून एकाच देहावर एकाच वेळी पडणारे ओझे आहे, ही गोष्ट आजच्या विद्यापीठांत एक सिद्धान्त म्हणून शिकविली जाते; निबंधात ती एका बाळंतिणीच्या रूपात समोर ठेवली आहे.

याच ठिकाणी मुलांविषयीचा उल्लेखही येतो. ब्राह्मणांच्या मुलांनी दगड मारून मांग-महारांच्या मुलांना रक्तबंबाळ केले तरी ती मुले तक्रार करीत नाहीत, कारण उष्टे मागायला त्याच घरांच्या दारी जावे लागते. अन्याय सहन का केला जातो, या प्रश्नाला सहनशीलता, अज्ञान किंवा नशिबावरील विश्वास ही उत्तरे सहसा दिली जातात. मुक्तेचे उत्तर आर्थिक आहे. ज्याच्या दारी हात पसरावा लागतो त्याच्याविरुद्ध तोंड उघडता येत नाही.

इंग्रजी राज्याविषयी मात्र निबंधाचा सूर कृतज्ञतेचा आहे. पायात पुरण्याची रीत बंद झाली, चांगले वस्त्र अंगावर घालता येऊ लागले, गुलटेकडीच्या बाजारात मोकळेपणी फिरता येऊ लागले, असे बदल ती मोजून दाखविते. राष्ट्रवादी वाचकाला हा भाग खटकतो, आणि मिशनऱ्यांच्या पत्रात छापले जायचे म्हणून असे लिहिले असावे, अशी शंकाही घेतली जाते. पत्राच्या संपादकांना हा सूर सोयीचा होता यात शंका नाही, कारण हिंदू समाजव्यवस्थेवरील टीका त्यांच्या प्रचाराला पूरक होती. तरीही रस्त्यावरून निर्भयपणे चालता येणे हा ज्याच्यासाठी नवा अनुभव आहे, त्याने तो देणाऱ्या राजवटीचे आभार मानणे यात काहीच विपरीत नाही. त्याचबरोबर हेही ध्यानात घ्यावे लागते, की निबंध छापल्यानंतर वर्षभरानेच, 1856 साली, धारवाडच्या सरकारी शाळेत एका महार मुलाला प्रवेश नाकारण्यात आला आणि इंग्रज सरकारने उच्चवर्णीयांचा रोष नको म्हणून त्या नकाराला हात लावला नाही. मुक्तेने ज्या राज्याचे आभार मानले, ते राज्य तिच्यासारख्यांच्या शिक्षणाबाबत तिच्या समजुतीपेक्षा पुष्कळच सावध होते. म्हणून या निबंधाचे वाचन श्रद्धेने नव्हे तर चिकित्सेने करावे. चिकित्सा सहन करण्याची ताकद त्यात आहे.

ही ताकद सर्वांत स्पष्टपणे शेवटी दिसते. समारोपाकडे वळताना मुक्ता आपल्या लोकांना सांगते, की तुमच्या दारिद्र्यावर आणि दुखण्यावर ज्ञान हेच औषध आहे, त्याने भाबड्या समजुती जातील, वागणूक सुधारेल, आणि जनावरासारखे वागविणारे लोक तसे वागविण्यास धजणार नाहीत. म्हणून कष्ट करा आणि शिका. कोणत्याही शालेय निबंधाचा शेवट येथेच झाला असता, आणि परीक्षकाने त्यावर समाधानाने गुणही दिले असते. पण यानंतर ती थबकते आणि कबूल करते, की शिक्षणाने माणूस चांगला होतो हे आपल्याला सिद्ध करता येत नाही, कारण शाळेत शिकून शहाणी झालेली माणसेही कधी कधी अशी वाईट कृत्ये करतात की आश्चर्य वाटावे. ज्या गोष्टीचा पुरस्कार करण्यासाठी निबंध लिहिला, जी गोष्ट तिच्या गुरूंच्या सबंध जीवनकार्याचा पाया होती, तिच्याविषयीच ती शंका व्यक्त करते, आणि तरीही पुरस्कार मागे घेत नाही. शिकावे हे खरे. शिकल्याने सगळे आपोआप होईल हे खरे नाही. चिंतन या शब्दाला काही अर्थ असेल तर तो या दोन विधानांना एकत्र धरून ठेवण्यात आहे. निबंधाचे वैचारिक मोल पहिलेपणापेक्षा, धैर्यापेक्षाही या कबुलीत अधिक आहे. फुल्यांनी ती खोडून टाकायला सांगितली नाही, संपादकांनी ती गाळली नाही, याचे श्रेय त्यांनाही द्यावे लागेल.

मुक्तेनंतर स्त्रियांच्या विचारगद्याची मराठीतील मोठी घटना म्हणजे ताराबाई शिंदे यांची ‘स्त्रीपुरुषतुलना’. ती 1882 साली बुलढाण्याच्या लेखिकेने लिहिली आणि तिचे निमित्त सुरतेच्या एका विधवेला झालेली शिक्षा हे होते. स्त्रीच्या दोषांची यादी करणाऱ्या पुरुषांना त्यांचेच दोष मोजून दाखविणारी तिची पद्धत आणि मुक्तेची प्रतिपक्षाच्या विधानातून त्यालाच अडचणीत आणण्याची पद्धत यांत नाते दिसते. त्याच वर्षी पंडिता रमाबाईंचे ‘स्त्रीधर्मनीति’ प्रसिद्ध झाले. दलित स्त्रियांचे लेखन पुस्तकरूपाने सातत्याने येण्यास मात्र विसाव्या शतकाचा उत्तरार्ध उजाडावा लागला: कुमुद पावडे यांचे ‘अंतःस्फोट’ 1981 साली, बेबीताई कांबळे यांचे ‘जिणं आमुचं’ आणि शांताबाई कांबळे यांचे ‘माज्या जल्माची चित्तरकथा’ ही आत्मकथने 1986 साली, आणि उर्मिला पवार यांचे ‘आयदान’ 2003 साली. यांतील कुमुद पावडे यांचा उल्लेख येथे विशेष प्रस्तुत आहे, कारण त्या संस्कृत शिकल्या, संस्कृतच्या प्राध्यापिका झाल्या आणि त्या वाटेवर भेटलेल्या विरोधाविषयी त्यांनी लिहिले. ज्या ग्रंथांकडे पाहण्याचीही मनाई असल्याचे मुक्तेने 1855 साली नोंदविले, त्या ग्रंथांच्या भाषेचे अध्यापन दलित स्त्रीने करणे, याला शतकाहून अधिक काळ लागला.

व्यक्तिमत्त्वाची घडण या विषयापुरते बोलायचे, तर नगर जिल्ह्याकडेच पुन्हा वळावे लागते. लक्ष्मीबाई टिळक यांचा जन्म 1868 साली नाशिकजवळच्या जलालपूरचा, पण त्यांच्या आयुष्यातील निर्णायक वर्षे नगर आणि राहुरी या ठिकाणी गेली. पती नारायण वामन टिळक यांनी 1895 साली ख्रिस्ती धर्म स्वीकारला, त्यानंतरची काही वर्षे लक्ष्मीबाई पतीपासून दूर राहिल्या, आणि पुन्हा एकत्र आल्यावरही सोवळे सांभाळूनच राहू लागल्या. जातिभेद माणसाने केला आहे, देवाने नव्हे, या निष्कर्षाला त्या कोणाच्या उपदेशाने आल्या नाहीत. रोजच्या व्यवहारात स्वतःशी झगडत आल्या. शालेय शिक्षण जवळजवळ नसलेल्या या बाईंची ‘स्मृतिचित्रे’ 1934 ते 1936 या काळात चार भागांत प्रसिद्ध झाली आणि मराठी आत्मचरित्रातील श्रेष्ठ कृती ठरली. मुक्तेची आणि त्यांची स्थिती सर्वस्वी वेगळी आहे: एकीला जात सोडायची होती, दुसरीला जातीने कधीच जवळ केले नव्हते, एकीला लिहायला उतारवयापर्यंतचा अवधी मिळाला, दुसरीचे आज एका निबंधापलीकडे काही उपलब्ध नाही. तरीही दोघींच्या लेखनात एक गुण समान आहे. आपण बदललो असे जाहीर न करता, मनात कोणती समजूत होती, ती कशावर आदळली आणि मग काय उरले, हे त्या दाखवितात.

आजच्या चिंतनलेखनात नेमकी हीच गोष्ट हरवलेली आढळते. नेमलेले पुस्तक वाचून माझ्यात सकारात्मक बदल झाला, स्त्रियांविषयी माझा आदर वाढला, समाजाने जागृत व्हायला हवे, अशी वाक्ये वहीमागून वहीत येतात, कारण विद्यार्थ्याला ती सुरक्षित वाटतात आणि परीक्षकालाही तपासायला सोपी जातात. नगरमधील महाविद्यालये ज्या विद्यापीठाशी संलग्न आहेत त्याला 2014 पासून सावित्रीबाई फुले यांचे नाव आहे. त्या नावाशी प्रामाणिक राहायचे असेल, तर विद्यार्थिनीला तिच्या घरातील, शेतातील, वसतिगृहातील वास्तव लिहिण्याची मोकळीक हवी. भावाचे शिक्षण चालू ठेवून बहिणीचे का थांबविले, साखर कारखान्याच्या हंगामात ऊसतोडीला गेलेल्या घरातील मुलीची शाळा का सुटली, वडिलोपार्जित जमिनीतील वाट्यावर मुलीने हक्कसोड का लिहून द्यावी, हे प्रश्न या जिल्ह्यातील वर्गात बसलेल्या मुलींच्या आयुष्यातील आहेत. 2005 च्या दुरुस्तीने हिंदू वारसा कायद्यात मुलीला मुलाइतकाच जन्मसिद्ध वाटा मिळाला, हे पाठ्यपुस्तकात वाचलेले वाक्य आणि घरात सह्यांसाठी पुढे केलेला कागद यांच्यातील अंतर जी विद्यार्थिनी लिहील, तिचे लेखन चिंतनात्मक म्हणावे. तिचा निष्कर्ष अपुरा राहिला, किंवा नेमलेल्या पुस्तकाशी तिचे पटले नाही, तर तेवढ्यावरून गुण कापले जाऊ नयेत.

मराठीच्या अध्यापकांना यात लगेच करता येण्याजोगे एक काम आहे. मुक्ता साळवे यांचा निबंध आकाराने लहान आहे, एका तासिकेत पूर्ण वाचून होतो, आणि तो उताऱ्यांच्या रूपात नव्हे तर सलग, शेवटच्या शंकेसह वाचला गेला पाहिजे. तो वाचल्यावर मुलींना स्वतःच्या गावाविषयी लिहू द्यावे, आणि त्यांतले चांगले लेखन त्यांची संमती घेऊन महाविद्यालयाच्या वार्षिकांकात त्यांच्या नावानिशी छापावे.